पथ्य सांगणाऱ्यांचं व्रत

आमच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी नवापासून दुपारी दोनपर्यंत अन्नाची निंदा चालते. भात वाईट, बटाटा वाईट, तूप वाईट, साखर तर विषच. डॉक्टर निंदा करतात, सिस्टर करतात, भिंतीवरचा तक्ता करतो. मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी करते, म्हणजे या निंदेची अधिकृत खिडकी माझ्याच ताब्यात. रुग्ण मान डोलावतो, छापील डाएट चार्टची घडी करून खिशात घालतो आणि घरी जाऊन रोज जेवायचा तेच जेवतो. फरक एवढाच, की आता चोरून जेवतो.

तैत्तिरीय उपनिषदातल्या भृगुवल्लीत वरुणाचा मुलगा बापाकडे जातो आणि ब्रह्म म्हणजे काय ते विचारतो. बाप त्याला तप करायला लावतो. तप करून भृगूला पहिलं उत्तर सापडतं ते अन्न. तेवढ्यावर न थांबता तो पुन्हा बापाकडे येतो, बाप त्याला पुन्हा तपाला बसवतो, आणि प्राण, मन, विज्ञान असं करत तो आनंदापर्यंत पोहोचतो. प्रवचनात गोष्ट बहुतेक वेळा इथं संपते. आनंदावर संपलेली गोष्ट ऐकून घरी जायला बरं वाटतं. उपनिषद मात्र तिथं थांबत नाही. ते मागं फिरून पुन्हा अन्नाशी येतं आणि व्रतं सांगतं. अन्नाची निंदा करू नये. अन्न अव्हेरू नये. अन्न वाढवावं. आसऱ्याला आलेल्या कुणालाही परत पाठवू नये.

या क्रमात मोठं शहाणपण आहे असं मला वाटतं. भुकेल्या माणसाला अन्नाची निंदा करू नको म्हणून सांगायची गरजच नसते. सांगावं लागतं ते जाणत्याला, कारण जाणता झाला की माणसाला अन्न क्षुल्लक वाटायला लागतं. आमच्याकडचे निवासी डॉक्टर ताटाकडे बघतात तेव्हा त्यांना कार्बोहायड्रेट दिसतं, सोडियम दिसतं, पोटॅशियम दिसतं. ताट दिसत नाही. आणि ते सोडियम-पोटॅशियम त्यांना दिसलंच पाहिजे, त्यात वाद नाही. ज्याचं मूत्रपिंड निकामी होत चाललंय त्याला केळं नको म्हणावंच लागतं. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. निंदा न करता मनाई करता येते का? वर्ज्य सांगणारा माणूस हे व्रत पाळू शकतो का?

पाळता येतं, असं माझं मत आहे. पण ज्याला ते अन्न रांधता येतं त्यालाच.

म्हणून महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी, डाएट किचन रिकामं झालं की मी निवासी डॉक्टरांना आणि सिस्टरना तिथं बोलावते. अशी कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत हार्वर्डची वैद्यकीय मंडळी आणि तिथली एक नावाजलेली पाकशाळा मिळून २००७ पासून डॉक्टरांना ओट्याशी उभं करत आली आहेत, आणि न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात तर वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र स्वयंपाकघरच आहे. आपल्याकडे बीएस्सी नर्सिंगच्या मुलींना पोषणाचं प्रात्यक्षिक असतं. त्यात बार्ली वॉटर, एग फ्लिप, कस्टर्ड, सूप हे गोऱ्या साहेबाच्या आजारपणाचे पदार्थ अजून निष्ठेनं शिकवले जातात. अक्कलकोट रोडच्या विणकराच्या घरी एग फ्लिप कोण करून देणार, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. तरी सिस्टरच्या हाताला निदान पातेलं लागलेलं असतं. डॉक्टरांचं तेही नाही. पोषण त्यांना पुस्तकात भेटतं आणि तिथंच मागं राहतं.

त्या शनिवारी वॉर्डातली उतरंड उलटी होते. राउंडला सगळ्यात पुढं चालणारा मुलगा लायटर हातात घेऊन गॅसकडे संशयानं बघत असतो आणि आमच्या वॉर्डच्या मावशी त्याला, ‘साहेब, आधी लायटर जवळ धरा, मग बटण फिरवा,’ असं सांगत असतात. याचा मला आनंद होत नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

पहिला धडा मिठाचा. डॉक्टर केसपेपरवर ‘सॉल्ट रिस्ट्रिक्टेड’ असं लिहितात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्लाही तोच. मी प्रत्येकासमोर एक वाटी आणि वजनकाटा ठेवते आणि पाच ग्रॅम मीठ काढायला सांगते. एक चमचा, तोही सपाट. मग म्हणते, हे आता दिवसभरात वाटा. नाश्त्याच्या पोह्यांत किती, आमटीत किती, भाजीत किती? बहुतेकांचं मीठ दुपारच्या आमटीपाशीच संपतं.

त्यानंतर विचारते, सोलापूरकराच्या ताटात मीठ कुठं असतं? उत्तर येतं, सगळीकडे. ते बरोबर नाही. ज्वारीच्या भाकरीत आमच्याकडे बहुधा मीठ घालतच नाहीत. मंगळवेढ्याची ज्वारी, गरम पाणी, दोन हात, एवढ्यावर भाकरी होते. मीठ असतं शेंगाच्या चटणीत, ठेच्यात, लोणच्यात, पापडात. ज्या डॉक्टरला हे माहीत नाही तो म्हातारीला ‘जेवणातलं मीठ बंद’ म्हणतो. ती बिचारी आमटी अळणी करते, ती घशाखाली उतरत नाही म्हणून चटणी दुप्पट घेते, आणि पुढच्या खेपेला रक्तदाब वाढलेला बघून डॉक्टर तिच्यावर खेकसतो. ज्याला माहीत आहे तो भाकरीला हात लावत नाही. तो चटणीबद्दल बोलतो. शेंगदाणे जरा जास्त खमंग भाजा, लसूणही भाजून घ्या, मीठ निम्मं करा, खाताना वर लिंबू पिळा. मीठ आमटीत उकळण्याऐवजी शेवटी वरून घातलं तर जिभेला ते लवकर लागतं आणि कमी पुरतं, हे आमच्या डॉक्टरांना दोन वाट्या चाखल्यावर पटलं. कागदावर वाचून पटलं नव्हतं.

(जाता जाता एक. दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून जे मीठ मिळतं त्यात सोडियमची जागा काही अंशी पोटॅशियमनं घेतलेली असते. रक्तदाबाच्या रुग्णाला उत्साहानं ते सुचवताना त्याचं मूत्रपिंड कसं आहे हे आधी बघावं लागतं. आणि उपवासाचं शेंदेलोण हेही शेवटी मीठच. ते पवित्र असेल, पण त्यातलं सोडियम त्यामुळे कमी होत नाही.)

रांधणं हा वैद्यकाचा भाग आहे हे सांगायला मला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंधराव्या अध्यायात, शोधनाचे उपचार सुरू करण्याआधी रुग्णालय कसं सज्ज ठेवावं याचं वर्णन आहे. तिथं परिचारकांची यादी येते. स्नान घालणारे, अंग रगडणारे, रुग्णाला उठवणारे, निजवणारे, औषधं वाटणारे; आणि या सगळ्यांच्या आधी नाव येतं ते वरण-भात शिजवणाऱ्यांचं. त्याच स्थानात दुसऱ्या अध्यायात अठ्ठावीस प्रकारच्या यवागू, म्हणजे पेजा, सांगितल्या आहेत. पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते चिकित्सास्थानाच्या शेवटच्या अध्यायातलं एक वाक्य. त्याचा आशय असा, की सतत तेच दिल्यानं किंवा चव नसल्यानं पथ्याचा रुग्णाला तिटकारा आला, तर निरनिराळ्या पाककृती योजून ते त्याला पुन्हा आवडतं करावं. जबाबदारी कुणावर टाकली आहे बघा. ‘पेशंट कोऑपरेट करत नाही’ असा शेरा चरकानं लिहिलेला नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं शुश्रूषेवरच्या आपल्या छोट्या पुस्तकात, १८५९ साली, रुग्णाच्या खाण्यावर दोन स्वतंत्र प्रकरणं लिहिली. अन्नाची रेलचेल असूनही हजारो रुग्ण उपाशी राहतात, कारण ते त्यांच्या पोटात जाईल कसं याकडे कुणी लक्ष देत नाही, ही तिची तक्रार होती. न खाल्लेलं ताट रुग्णाच्या उशाशी ठेवून जाऊ नका, असंही तिनं बजावलं आहे. आमच्या वॉर्डात ते ताट आजही उशाशीच असतं.

आता अवघड भाग.

पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. माळकरी रुग्ण आमच्याकडे रोजचे, आणि एकादशी महिन्यातून दोनदा. मधुमेहाच्या एका आजींना आमच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘आजी, एकादशी बंद.’ आजी म्हणाल्या, ‘बरं साहेब.’ त्या बरं म्हणाल्या तेव्हाच मला कळलं की एकादशी बंद होणार नाही, डॉक्टरांना सांगणं बंद होणार. तसंच झालं. सकाळी उपास धरला, साखरेची गोळी मात्र साहेबांनी दिलेली म्हणून इमानेइतबारे घेतली. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या पोटात अन्न आहे की नाही हे विचारत बसत नाहीत. संध्याकाळी घाम फुटून, गरगरून आजी आमच्या अपघात विभागात. त्यांनी दोन्ही देवांची आज्ञा पाळली होती.

यावर एक सरधोपट उपाय असा, की धर्मातूनच सूट काढून दाखवायची. सूट आहेच. व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टींची यादी आपल्या परंपरेत प्रसिद्ध आहे. महाभारतात विदुराच्या तोंडीही ती आहे. पाणी, मुळं, फळं, दूध यांपासून सुरू होऊन ती औषधापाशी संपते. कुराणात रमजानच्या रोज्यातून आजाऱ्याला मोकळीक आहे, राहिलेले दिवस पुढं भरून काढावेत असं म्हटलं आहे. बौद्ध विनयात भिक्षूंना मध्यान्हानंतर जेवण नाही, पण आजारी भिक्षूला तूप, लोणी, तेल, मध, गूळ यांची परवानगी खुद्द बुद्धानं दिली. धर्माचे नियम घालणाऱ्यांना आजारपण ठाऊक होतं. ज्याला ही सूट हवी आहे त्याला डॉक्टरनं तिची जरूर आठवण करून द्यावी. आमच्याकडचे काही रुग्ण मौलवींना विचारून येतात आणि निर्धास्त होतात.

पण आजींना सूट नको होती. हे मला फार उशिरानं नाही, त्याच संध्याकाळी कळलं, कारण मी त्यांना ती आठ गोष्टींची यादी ऐकवली आणि त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. ‘मला ठावं हाय बाई. मोडत नाय ते. पर मला करायची हाय.’ नियम मोडला तर पाप लागेल या भीतीनं त्या उपास करत नव्हत्या. एकादशी हा त्यांच्या पंधरवड्याचा कणा होता. लग्न होऊन आल्या तेव्हापासून सासू, मग त्या, आता सून. डॉक्टरची मनाई आणि शास्त्राची सूट या दोन्हींचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता: तू आता करू नकोस.

तिसरी वाट चुलीकडून जाते. पुढच्या शनिवारी मी आमच्या मंडळींना एकादशीचं ताट रांधायला लावलं. आधी नेहमीचं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. तिन्ही पदार्थ पिष्टमय आहेत आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच, हे त्यांना पाठ होतं. पण खिचडी मोकळी व्हायला तूप किती लागतं, हे कढईत घालताना कळलं. मग दुसरं ताट. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी, काकडीची कोशिंबीर दही आणि दाण्याचं कूट घालून, लाल भोपळ्याची भाजी जिऱ्या-मिरचीच्या फोडणीत, वाटीभर भगर, ताक. राजगिऱ्याचं पीठ चिवट नसतं, भाकरी थापताना फाटते. उकड काढून घेतली तर सांधते. ती फाटली तेव्हा एक डॉक्टरीणबाई वैतागल्या. त्यांना म्हटलं, आजींच्या सुनेचाही हाच वैताग होणार आहे आणि ती मग सोपी म्हणून खिचडीच टाकणार आहे, तेव्हा उकडीचं तिला तुम्हीच सांगा.

भोपळा चालतो की नाही, कोथिंबीर चालते की नाही, यावर सिस्टरमध्ये वाद पेटला. एकीच्या घरी चालते, दुसरीच्या घरी नावही काढायचं नाही. तो वाद मी मिटवला नाही. रुग्णाला काय विचारायचं ते त्या वादातून डॉक्टरांना आपोआप समजलं: तुमच्याकडे उपासाला काय चालतं? इतका साधा प्रश्न, पण केसपेपरवर त्याला जागा नाही. आणि ताटाबरोबर डॉक्टरांचं काम येतंच: त्या दिवशीची गोळी कोणती, किती, केव्हा. ते माझं काम नाही, त्यांचं आहे. पण उपास उघड झाल्याशिवाय ते त्यांना करता येत नाही.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. म्हणूनच एका कीर्तनकार बुवांचा आक्षेप सांगितला पाहिजे. ते आमच्याकडे हृदयविकारासाठी येतात, आणि माझं एकादशीचं ताट त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ‘ताई, उपास म्हणजे जिभेला लगाम. तुम्ही तर उपासाचं जेवण चविष्ट कसं करावं ते शिकवताय. मग त्याला उपास का म्हणायचं? सोय म्हणा.’

हा आक्षेप हलका नाही. गांधीजींचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर लगेच आलं. त्यांनी दूध वर्ज्य केलं होतं. १९१८ च्या मोठ्या आजारपणानंतर मुंबईत डॉ. दलालांनी त्यांना सांगितलं, की दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजी व्रत सोडेनात. तोडगा काढला तो कस्तुरबांनी: तुमचा नियम गाई-म्हशीच्या दुधाचा, शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं, आणि आत्मकथेत लिहून ठेवलं की व्रताचं अक्षर राखलं पण आत्मा मारला, आणि त्याचा सल त्यांना राहिला. तर माझी राजगिऱ्याची भाकरी म्हणजे आजींची शेळी तर नव्हे?

मी बुवांना गीतेचा आधार दिला. फार खाणाऱ्याचाही योग होत नाही आणि मुळीच न खाणाऱ्याचाही नाही, हे सहाव्या अध्यायात आहेच. सतराव्यात सात्त्विक आहाराची लक्षणं सांगताना तो रसाळ, स्निग्ध आणि मनाला रुचणारा असावा असं म्हटलं आहे. चव ही सत्त्वाची वैरीण नाही. (त्याच ठिकाणी अतिखारट अन्न राजस ठरवून त्याचं फळ दुःख आणि रोग असं सांगितलं आहे. रक्तदाबाच्या रुग्णांना भीती घालायला हे फार सोयीचं आहे, आणि नेमकं म्हणूनच मी ते त्यांच्यापुढं वापरत नाही. धर्मग्रंथाच्या नावानं केलेली निंदाही निंदाच.) बुवा हसले. म्हणाले, गीता आम्हालाही येते.

पटलं नाही त्यांना, आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. स्वतःच्या जिभेला लगाम घालणं हे तप असू शकतं. पण तो लगाम ज्याचा त्यानं घालायचा असतो. दुसऱ्याच्या जिभेला मी बाहेरून घातला तर त्याचं तप होत नाही. ते आजाऱ्याला बेचव जेवण वाढणं होतं, बस्स. गांधीजींना सल लागला तो त्यांचा त्यांना. कस्तुरबांनी जे केलं त्यात मला काही उणं दिसत नाही. समोर माणूस खंगत चाललेला, त्याचा नियम त्याला प्रिय. तिनं नियमाची टर उडवली नाही आणि माणूसही हातचा जाऊ दिला नाही. डॉ. दलालांना हे सुचलं नाही. ते सुचलं स्वयंपाक बघणाऱ्या बाईला. मी डॉक्टरांना जे शिकवू बघते ते एवढंच आहे, की कस्तुरबांच्या जागेवरून बोलता आलं पाहिजे. पुढं रुग्णाला त्यात पळवाट दिसेल की वाट, ते त्याच्यावर सोडावं.

सगळ्यांना हे पचत नाही. एका वरिष्ठ डॉक्टरांचं म्हणणं, आपण विज्ञान शिकलो आहोत, अंधश्रद्धेला राजगिरा लावून देणं आपलं काम नाही. त्यांच्याशी मी फार वाद घालत नाही. त्यांच्या रुग्णांनी माझ्या खिडकीशी येऊन सांगितलेले उपास मला माहीत आहेत, त्यांना नाहीत.

मागच्या शनिवारी एका नव्या निवासी डॉक्टरानं विचारलं, ‘मॅडम, हे ताट ठीक आहे. पण एखादी म्हणाली की मी निर्जळीच करणार, तर? तिथं तर रांधायलाच काही नाही.’ प्रश्न चोख होता. तेव्हा ओटा पुसता पुसता आम्ही तिथंच ठरवलं. आधी धोका स्पष्ट सांगायचा, आवाज न चढवता. मूत्रपिंडाचा आजार असेल, इन्सुलिन चालू असेल तर तो किती मोठा आहे तेही. तरी ती ठाम असेल तर औषधाचं वेळापत्रक डॉक्टरांनी त्या दिवसापुरतं बदलून द्यायचं. घरच्यांना साखर तपासायला शिकवायचं, आणि आकडा सत्तरच्या खाली गेला किंवा तीनशेच्या वर गेला की उपास तिथंच सोडायचा, हे तिच्याकडून आधी कबूल करून घ्यायचं. वर गेला तर गोड काही द्यायचं नाही, पाणी देऊन थेट दवाखान्यात आणायचं. आणि खाली गेला तर तो कशानं सोडायचा, हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, तिला विचारायचं. कुणी चमचाभर तीर्थ म्हणेल, कुणी देवापुढचा पेढा. ती जे सांगेल त्यात तीन चमचे साखर कशी बसवायची, ते आपण बघायचं आणि केसपेपरवर लिहून ठेवायचं.